अ‍ॅक्युरसी १२ मीटर दाखवते, तरी ठिपका रस्त्यापलीकडे का पडतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. अ‍ॅप कर्मचाऱ्यांची हजेरी घेतं. कामाच्या जागेभोवती ५० मीटर त्रिज्येचं वर्तुळ आखलंय, माणूस त्यात आला की हजेरी लागते. अँड्रॉइडवर रीडिंगसोबत अ‍ॅक्युरसी १२ मीटर येते, पण नकाशावर ठिपका रस्त्याच्या पलीकडच्या इमारतीवर पडतो. आत बसलेल्या काहींची हजेरी लागत नाही, बाहेर उभ्या असलेल्या काहींची लागते. तर अचूकता ५ मीटरच्या आत आणायला कोणतं सेटिंग वापरायचं?

असं सेटिंग नाही. ‘हाय अ‍ॅक्युरसी’ मागितलीत की तुमच्या हातातलं बटण संपलं. त्यापुढे फोनमधली चिप, वरचं आकाश आणि आजूबाजूच्या भिंती मिळून काय देतील ते घ्यायचं. तुमच्या हातात उरतं ते एवढंच, की आलेल्या रीडिंगवर निर्णय कसा घ्यायचा. हजेरी, डिलिव्हरी, टॅक्सी अशा अ‍ॅपमध्ये घोळ होतो तो बहुतेक इथेच होतो.

आधी त्या १२ या आकड्याकडे बघू. अँड्रॉइडच्या दस्तऐवजात गेटअ‍ॅक्युरसीचा, म्हणजे हा आकडा देणाऱ्या फंक्शनचा, अर्थ स्पष्ट दिलाय: रीडिंगचा बिंदू केंद्र धरून एवढ्या मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढलं, तर खरी जागा त्या वर्तुळात असण्याची शक्यता ६८ टक्के. म्हणजे साधारण तीनातून एकदा माणूस त्या वर्तुळाच्या बाहेरच असणार, आणि तरीही फोन खोटं बोलला असं म्हणता येणार नाही. ९५ टक्के खात्री हवी असेल तर त्रिज्या वाढवावी लागते. चूक सगळ्या दिशांना सारखी पसरलेली आहे असं धरलं तर सुमारे १.६२ पट. तुमच्या १२ मीटरचे झाले साडेएकोणीस. त्यातही वीसातून एक रीडिंग बाहेर पडतंच. दिवसाला काहीशे माणसं बटण दाबत असतील तर ही ‘वीसातून एक’वाली मंडळी रोज तक्रार घेऊन येणार. तुमच्याकडे बहुधा तेच चाललंय.

शिवाय हा आकडा कोणी बाहेरून मोजून दिलेला नसतो. स्वतःची चूक किती असेल याचा तो फोनने स्वतःच केलेला अंदाज असतो. समोरच्या काचेच्या इमारतीवर आपटून आलेला सिग्नल चिपने थेट आलेला समजून घेतला, तर जागा चाळीस मीटर सरकेल आणि अ‍ॅक्युरसी १२ च दिसत राहील. आपण फसलोय हे चिपला कळलेलंच नसतं. म्हणून अ‍ॅक्युरसी वाईट आली तर तिच्यावर विश्वास ठेवा, चांगली आली तर जरा बेतानेच.

एकाच अ‍ॅपच्या वेगवेगळ्या आवृत्त्या सांभाळणाऱ्यांना इथे आणखी एक खड्डा आहे. वेबच्या जिओलोकेशन एपीआयमध्येही (वेबपेजला ब्राउझरकडून जागा मागायची सोय) मीटरमधली अ‍ॅक्युरसी मिळते, पण ती ९५ टक्क्यांची. म्हणजे ब्राउझरमधले २० मीटर आणि अँड्रॉइडचे २० मीटर ही दोन वेगळी मापं आहेत. आयफोनवर या आकड्याचं नाव हॉरिझॉन्टलअ‍ॅक्युरसी, आणि ती म्हणजे अनिश्चिततेच्या वर्तुळाची त्रिज्या एवढंच सांगितलंय, त्याला टक्केवारी जोडलेली नाही. तिन्हीकडून आलेले आकडे सर्व्हरवर एकाच कॉलममध्ये टाकून सरासरी काढणारे रिपोर्ट मी पाहिलेत. दिसायला सुरेख, उपयोग शून्य.

आता एक बारीक पण नेहमी सापडणारा बग. कोडमध्ये अट अशी असते: अ‍ॅक्युरसी ३० पेक्षा कमी असेल तर रीडिंग घ्या. वाचायला बरोबर वाटतं. पण आयफोनवर हॉरिझॉन्टलअ‍ॅक्युरसी ऋण आली तर त्याचा अर्थ अक्षांश-रेखांशच अवैध आहेत, आणि उणे एक हा तीसपेक्षा कमीच असतो. अँड्रॉइडवर रीडिंगसोबत अ‍ॅक्युरसी आलीच नसेल तर गेटअ‍ॅक्युरसी शून्य परत करतं. शून्यही तीसपेक्षा कमी. म्हणजे सगळ्यात टाकाऊ रीडिंग या अटीतून सगळ्यात आधी आत शिरतं, आणि यादी अ‍ॅक्युरसीनुसार लावली असेल तर सर्वोत्तम म्हणून वर जाऊन बसतं. अँड्रॉइडवर आधी हॅजअ‍ॅक्युरसी (आकडा आलाय की नाही ते सांगणारं फंक्शन) तपासा, आयफोनवर शून्यापेक्षा मोठी आहे का ते बघा, आणि मगच तीसशी तुलना करा.

ठिपका रस्त्याच्या *पलीकडेच* का जातो, रस्त्याच्या पुढे-मागे का सरकत नाही, हे समजून घेण्यासारखं आहे. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असतात. सिग्नल निघाल्याची वेळ आणि पोचल्याची वेळ यांतल्या फरकावरून फोन अंतर काढतो. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो, म्हणजे वेळेत शंभर नॅनोसेकंदांची चूक झाली की अंतरात ३० मीटरची. फोनचं स्वतःचं घड्याळ एवढं अचूक नसतं, म्हणून जागेच्या तीन अज्ञात निर्देशांकांसोबत घड्याळाची चूक हे चौथं अज्ञात धरतात आणि किमान चार उपग्रह लागतात. चारही एकाच बाजूला असले तर गणित सुटतं खरं, पण उत्तर डळमळीत येतं. उपग्रह आकाशात चहूबाजूंना विखुरलेले असले तरच जागा पक्की होते.

दोन्ही बाजूंना उंच इमारती असलेल्या रस्त्यावर उभे राहा. डावी-उजवीकडचं आकाश झाकलं गेलेलं असतं, रस्त्याच्या दिशेने पुढचं-मागचं मोकळं असतं. दिसणारे उपग्रह जवळजवळ एका ओळीत येतात. रस्त्याच्या लांबीच्या दिशेने तुम्ही कुठे आहात हे फोनला बरं कळतं, रुंदीच्या दिशेने मात्र तो चाचपडत असतो. त्यात बाजूच्या भिंतींवरून परावर्तित होऊन आलेले सिग्नल लांबचा रस्ता घेऊन येतात, अंतर वाढवून सांगतात, आणि तुम्हाला समोरच्या फुटपाथवर नेऊन ठेवतात. अ‍ॅक्युरसीचं वर्तुळ गोल आहे म्हणून चूकही गोल असेल असं समजू नका. अशा रस्त्यावर ती लांबट असते आणि नेमकी तुम्हाला नको त्या दिशेने पसरलेली असते. मघाचा १.६२ चा गुणकही इथे फक्त अंदाजाला कामी येतो.

फोनची अँटेना हाही एक भाग आहे. उपग्रहाचा सिग्नल वर्तुळाकार ध्रुवीकरणाचा असतो. सर्वेक्षणाच्या महागड्या यंत्रांतल्या अँटेना त्यासाठीच बनवलेल्या असतात आणि भिंतीवरून उलट फिरून आलेला सिग्नल बराचसा गाळतात. फोनमध्ये तेवढी जागा नसते, तिथली साधी अँटेना खरा आणि परावर्तित दोन्ही सारख्याच प्रेमाने घेते. त्यात फोन खिशात, वर हाताची पकड. मोकळ्या आकाशाखाली स्मार्टफोनची अचूकता साधारण ४.९ मीटर त्रिज्येची असते असं अमेरिकी सरकारचं जीपीएसचं अधिकृत संकेतस्थळ सांगतं. म्हणजे तुम्ही मागताय ते ५ मीटर ही मोकळ्या मैदानातली नेहमीची कामगिरी आहे. इमारतीच्या दारात ती हमी म्हणून मागता येणार नाही.

नवे फोन यात काही पुढे गेलेत. २०१८ पासून दोन फ्रिक्वेन्सींवर चालणारे फोन बाजारात आहेत: जुनी एल-१ म्हणजे १५७५.४२ मेगाहर्ट्झ आणि सोबत एल-५ म्हणजे ११७६.४५. एल-५ वरचा कोड दहापट वेगाने धावतो, त्यामुळे थेट आलेला आणि आपटून आलेला सिग्नल वेगळा ओळखणं चिपला सोपं जातं. फरक जाणवतो. पण तुमच्या कर्मचाऱ्यांच्या हातात कोणता फोन असेल हे तुम्ही ठरवत नाही, त्यामुळे यावर आराखडा उभारू नका.

आतल्या माणसांचं गणित वेगळंच. छताखाली उपग्रहाचा सिग्नल क्षीण होतो किंवा नाहीसाच होतो, आणि मग फोन वाय-फाय राउटर व मोबाइल टॉवर यांच्यावरून जागा काढतो. अँड्रॉइडवर जागा पुरवणारी सेवा, फ्यूज्ड लोकेशन प्रोव्हायडर, हे सगळे स्रोत एकत्र करून एकच उत्तर देते, म्हणून कोडमध्ये ही अदलाबदल दिसत नाही. दिसतात ते तिचे परिणाम: दारातून आत पाऊल टाकलं की ठिपका उडी मारतो. वाय-फायवरून येणारी जागा ही ‘हा राउटर अमुक ठिकाणी असतो’ या साठवलेल्या माहितीवर आधारलेली असते. ऑफिस हललं, राउटर सोबत गेला आणि माहिती अजून जुनीच असली, तर ठिपका जुन्या पत्त्यावर जाऊन बसू शकतो, आणि तोही चांगल्या अ‍ॅक्युरसीसह. एखाद्याच ठिकाणच्या सगळ्यांची जागा एकाच दिशेने चुकत असेल तर संशय आधी इथे घ्यावा.

पुढचा मुद्दा रीडिंगच्या वयाचा. अचूकतेच्या नावाने येणाऱ्या तक्रारींतल्या पुष्कळ खरं म्हणजे शिळ्या रीडिंगच्या असतात. गेटलास्टलोकेशन हे फोनला *शेवटचं* माहीत असलेलं ठिकाण देतं, ते वीस मिनिटांपूर्वीचं घरचं असू शकतं, किंवा नल, म्हणजे काहीच नाही, असंही असू शकतं. आयफोनवर अपडेट सुरू केल्यावर पहिलं येणारं ठिकाण बऱ्याचदा आधीचं साठवलेलंच असतं. माणूस घरून निघाला, कामावर पोचून अ‍ॅप उघडलं, अ‍ॅपने घरचं ठिकाण ८ मीटर अ‍ॅक्युरसीने दाखवलं. ८ मीटर खरेच होते, फक्त वीस मिनिटांपूर्वीचे. म्हणून प्रत्येक रीडिंगचं वय तपासा. अँड्रॉइडवर त्यासाठी गेटटाइम वापरू नका, कारण ते भिंतीवरच्या घड्याळासारखं पुढे-मागे होऊ शकतं. इलॅप्स्डरिअलटाइमनॅनोज वापरा, ते फोन सुरू झाल्यापासून सरळ पुढेच जातं. हजेरीसाठी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जुनं रीडिंग मी घेणार नाही.

ताजं रीडिंग मागितलं तरी पहिलं उत्तर पक्कं नसतं. समजा बटण दाबल्यावर असा क्रम आला: पहिल्या सेकंदाला १,४०० मीटर, दुसऱ्याला ३८, पाचव्याला २२, नवव्याला ११, चौदाव्याला ७, आणि त्यानंतर ७-८ वरच घुटमळणं. पहिला टॉवरचा, दुसरा वाय-फायचा, पुढचे उपग्रहांचे असं साधारण समजा. पहिलंच रीडिंग घेऊन ‘तुम्ही कार्यालयापासून ९०० मीटर दूर आहात’ असं लाल अक्षरांत दाखवणारं अ‍ॅप युजर दुसऱ्या दिवशी शिव्या घालतच उघडतो. थांबायचं किती? मी दोन मर्यादा ठेवतो: एक अचूकतेची, एक वेळेची, आणि आधी जी पुरी होईल ती. निर्णयापुरती अ‍ॅक्युरसी मिळाली की लगेच थांबा. नाही मिळाली तर वीस सेकंदांनी हातात असलेल्यातलं सर्वोत्तम घ्या. तेवढा वेळ स्क्रीनवर गोल फिरतं चाक दाखवण्यापेक्षा आकुंचन पावणारं वर्तुळ दाखवा. काय चाललंय ते लोकांना लगेच कळतं आणि धीर निघतो.

‘दहा रीडिंग घेऊन सरासरी काढली तर?’ हा प्रश्न प्रत्येक टीममध्ये निघतो. लागोपाठच्या दहा सेकंदांतल्या दहा रीडिंगचा फारसा उपयोग नाही. सरासरीने चूक घटते ती चुका एकमेकींपासून स्वतंत्र असतील तेव्हा. इथे समोरची भिंत तीच, उपग्रह जवळजवळ तिथेच, त्यामुळे दहाही रीडिंग एकाच बाजूला चुकलेली असतात. वर फोन स्वतःच आतल्या आत ती गुळगुळीत करून देत असतो. सरासरी काढून तुम्हाला चुकीचं ठिकाण अधिक ठामपणे मिळेल, एवढंच.

आता तुमचा मूळ निर्णय. सध्याचा कोड बहुधा असा असणार: केंद्रापासूनचं अंतर ५० पेक्षा कमी तर हजर, नाहीतर गैरहजर. यात अ‍ॅक्युरसी कुठेच नाही, मग ती मागवायची तरी कशाला? मी तीन उत्तरं ठेवेन: नक्की आत, नक्की बाहेर आणि सांगता येत नाही.

आकडे घालून बघू. केंद्रापासून अंतर ६२ मीटर, अँड्रॉइडची अ‍ॅक्युरसी २०. ९५ टक्क्यांसाठी १.६२ ने गुणलं की साधारण ३२. माणूस ३० पासून ९४ मीटरपर्यंत कुठेही असू शकतो. तुमची रेघ ५० वर आहे, ती या पट्ट्याच्या आतूनच जाते. उत्तर: सांगता येत नाही, आणखी थांबा. आता तेच ६२ मीटर, पण अ‍ॅक्युरसी ६. गुणून १०. पट्टा ५२ ते ७२. माणूस बाहेर आहे, आणि हे तुम्ही ठामपणे म्हणू शकता. अंतर एकच, निर्णय वेगळे. आयफोनच्या रीडिंगला टक्केवारी जोडलेली नसल्यामुळे तिथेही सावधगिरीने हाच गुणक लावा. वेबच्या आकड्याला लावू नका, तो आधीच ९५ चा आहे. पुन्हा गुणलात तर निम्मे लोक ‘सांगता येत नाही’मध्ये जाऊन अडकतील.

‘सांगता येत नाही’ आलं तर पुढे काय, हा तांत्रिक प्रश्न नाही. तो तुमच्या मालकाला किंवा एचआरला विचारा. चुकून एखाद्याचा पगार कापला गेला तर किती महागात पडेल, आणि चुकून एखाद्या बाहेरच्याची हजेरी लागली तर किती? हजेरीत माझं मत पहिल्या चुकीला जास्त भाव देण्याकडे आहे: शंका असेल तर हजेरी लावा, सोबत खूण ठेवा, आणि एकाच माणसाच्या खुणा साचायला लागल्या तर बघा. दाराचं कुलूप उघडणारं अ‍ॅप असतं तर मी नेमकं उलट सांगितलं असतं.

५० मीटरची त्रिज्याही लहान आहे. अँड्रॉइडच्या जिओफेन्ससाठी (आखलेल्या हद्दीत फोन आला-गेला की अ‍ॅपला कळवणारी सोय) गुगलची स्वतःची शिफारस किमान १०० ते १५० मीटरची आहे, आणि ती उगाच नाही. जिओफेन्स बॅकग्राउंडला चालतं, तिथे बॅटरी वाचवायला वाय-फाय आणि टॉवरवर भिस्त असते. अँड्रॉइड ८ पासून बॅकग्राउंडमधल्या अ‍ॅपला ताशी मोजकीच रीडिंग मिळतात आणि वाय-फाय स्कॅनवरही बंधनं आली, अँड्रॉइड ९ ने ती आणखी कडक केली. आत आल्याबरोबर त्या क्षणी जिओफेन्स वाजेल अशी आशा धरू नका. त्याचा उपयोग ‘हजेरी लावायची का?’ एवढी आठवण द्यायला करा. खरं मोजमाप माणसाने बटण दाबल्यावर, अ‍ॅप समोर उघडं असताना.

परमिशनचं एक पटकन तपासा, कारण तिथे अर्ध्या तक्रारी मिटू शकतात. आयओएस १४ पासून, म्हणजे २०२० पासून, युजर ‘प्रिसाइज लोकेशन’ बंद ठेवून परवानगी देऊ शकतो. अँड्रॉइड १२ ने २०२१ मध्ये तशीच ‘अप्रॉक्झिमेट’ची सोय दिली. अँड्रॉइडवर अशा वेळी जागा साधारण ३ चौरस किलोमीटरच्या हिशेबाने ढोबळ केलेली येते. कोडला परवानगी ‘मिळाली’ एवढंच दिसतं, आणि माणूस दिवसेंदिवस दोन किलोमीटर लांब दिसत राहतो. त्याला कितीही वेळ थांबवलं तरी वर्तुळ लहान होणार नाही. कोणती परवानगी मिळालीय ते वेगळं तपासा आणि नेमकी का हवी ते साध्या भाषेत सांगून पुन्हा मागा. आयफोनवर तात्पुरती, फक्त त्या वापरापुरती पूर्ण अचूकता मागता येते. हजेरीला तेवढी पुरते, आणि माणसालाही ती द्यायला जड जात नाही.

उंचीवरून मजला ओळखायचा विचार डोक्यात असेल तर सोडून द्या. उभ्या दिशेची चूक आडव्यापेक्षा जास्त असते, कारण पायाखालच्या बाजूला उपग्रह दिसत नाहीत. त्यात अँड्रॉइडवर गेटअल्टिट्यूड ही उंची डब्ल्यूजीएस ८४ या पृथ्वीच्या प्रमाण मॉडेलच्या गणिती पृष्ठभागापासून देतं आणि आयफोनवर अल्टिट्यूड समुद्रसपाटीपासून येते. एकाच टेबलावर ठेवलेल्या दोन फोनांत काही ठिकाणी कित्येक दहा मीटरचा फरक पडतो, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

डेटाबेसबद्दल एकच. अक्षांश-रेखांश डबलमध्ये, म्हणजे जास्त आकडे साठवणाऱ्या संख्याप्रकारात, ठेवा. साध्या फ्लोटमध्ये मोठ्या रेखांशांवर दोन शेजारच्या किमतींमधलंच अंतर विषुववृत्ताजवळ पाऊण मीटरच्या वर जातं. दशांशाच्या पुढे सहा आकडे भरपूर झाले, सहावा आकडा म्हणजे साधारण ११ सेंटिमीटर. पुढचे आठ-नऊ आकडे बघून अचूकता वाढली असं वाटतं, ते फक्त छापणाऱ्याचं औदार्य.

खोट्या लोकेशनचं अ‍ॅप वापरणारे भेटतीलच. अँड्रॉइडवर इझमॉक (रीडिंग नकली आहे का ते सांगणारं फंक्शन) आणि आयओएस १५ पासून रीडिंगच्या स्रोताची माहिती तपासता येते. हौशी लोक त्यात पकडले जातात, जिद्दी नाही. आणि ज्या जागी खरोखर ५ मीटरचाच निर्णय हवा, म्हणजे ‘या दाराच्या आत की बाहेर’, तिथे लोकेशनचा नादच सोडा. दाराशी दर थोड्या वेळाने बदलणारा क्यूआर कोड लावा, नाहीतर ब्लूटूथ बीकन किंवा एनएफसी टॅग ठेवा. लोकेशन सोबतीला राहू द्या, ढोबळ खात्रीपुरतं.

शेवटी चाचणी. एम्युलेटर, म्हणजे संगणकावर चालणारा नकली फोन, कायम निर्दोष ठिकाण देतो, त्यावर यातलं काहीच दिसणार नाही. स्वस्तातला जुना फोन घ्या, खिशात ठेवून त्या उंच इमारतींमधून चालत या, आणि दारात, जिन्यात, तळघरात बटण दाबा. प्रत्येक निर्णयासोबत एवढं नोंदवा: केंद्रापासूनचं अंतर, अ‍ॅक्युरसी, रीडिंगचं वय, परमिशनचा प्रकार, फोनचं मॉडेल आणि तीनांपैकी कोणतं उत्तर निघालं ते. फक्त बटण दाबल्याच्या क्षणाचं ठेवा. दिवसभराचा माग काढून साठवायची गरज नाही, आणि तो साठवला की सांभाळायची जबाबदारीही तुमचीच. दोनेक आठवड्यांची नोंद जमली की जागेनुसार वेगळी करून बघा. मोकळ्या आवारातल्या जागेला कदाचित ६० मीटर पुरतील, गर्दीच्या रस्त्यावरच्या कार्यालयाला १५० लागतील. सगळ्या जागांना एकच त्रिज्या लावण्याऐवजी ती प्रत्येक जागेच्या कॉन्फिगमध्ये ठेवा, म्हणजे बदलायला नवीन रिलीज काढावं लागणार नाही.